कँटीनचा साबण

साताऱ्याच्या मिलिटरी कँटीनमधून रिटायर फौजी काय आणतात, हे कुंडलमध्ये कुणाला सांगावं लागत नाही. पिशवीत बाटल्या किणकिणल्या की गल्लीतली माणसं हसून वाट देतात. नाथाजी हवालदारांनी त्या दिवशी खोकं जीपमधून उतरवून ओसरीवर ठेवलं, तेव्हा शेजारचे लालासाहेब मोठ्या आशेनं आत डोकावले आणि त्यांचं तोंड उतरलं. खोक्यात साबण होता. हिरवा, पातळ, दाबून काढायचा. प्रत्येक बाटलीवर जंतू मारण्याची हमी छापलेली.

"मेजर, ह्याला काय अर्थ हाय का? समदा फेरा वाया घालवला गड्या."

"नात आलीया घरात," नाथाजी म्हणाले. "आता हेच चालणार."

गावात रिटायर झालेल्या कुठल्याही फौजीला मेजरच म्हणतात, मग तो कुठल्या का पदावरून येईना. नाथाजी हवालदार म्हणून सुटले होते. नोकरीची शेवटची वर्षं त्यांच्याकडे लंगरचा, म्हणजे पलटणीच्या भटारखान्याचा, कारभार होता. रोज सकाळी कणीक मळायच्या आधी सगळे आचारी रांगेत उभे राहायचे आणि नाथाजी त्यांना म्हणायचे, "हात दाखव." नखं, बेचकं, मनगटं पाहिल्याशिवाय एकाही माणसाला परातीजवळ जाऊ द्यायचे नाहीत. ती सवय त्यांनी गावी आणली. करोनाच्या काळात त्यांच्या दारातला नळ आणि साबण सगळ्या आळीसाठी होता. त्या दोन वर्षांत घरात कुणाला साधा तापही आला नाही. त्याचं सगळं पुण्य नाथाजींनी साबणाच्या खात्यावर जमा केलं आणि तेव्हापासून हात धुणं हा त्यांच्या घरचा धर्मच झाला.

आता लेक क्रांती पहिल्या बाळंतपणाला फलटणहून माहेरी आली होती. मुलगी झाली. बाळ-बाळंतिणीला तेल लावायला, न्हाऊमाखू घालायला तानुबाईंना सांगावा गेला. गावातली निम्मी पोरं तानुबाईंच्या पायांवर पालथी पडून न्हालेली. खुद्द क्रांतीसुद्धा. क्रांती झाली तेव्हा नाथाजी उत्तरेला सरहद्दीवर होते. लेक त्यांनी पहिल्यांदा पाहिली ती बसती झाल्यावर. तोवर तिला रोज उचलून घेणारे हात तानुबाईंचे होते. नाथाजी त्यांना आक्का म्हणत आणि त्या त्यांना दादा.

नातीच्या खोलीच्या दाराशी नाथाजींनी स्टूल ठेवलं आणि स्टुलावर बाटली. आत जाण्याआधी हात धुवायचे. तेल लावून झालं की धुवायचे. बाळाला न्हाऊ घालून झालं की पुन्हा. मग बाळंतिणीचं अंग चोळायच्या आधी, नंतर आणि निघताना. तानुबाई हसल्या.

"दादा, तेल लावायचं आन् हात धुवायचं, परत तेल लावायचं आन् परत धुवायचं. तेल पोरीला लावू का मोरीला?"

"आक्का, नियम म्हंजे नियम."

"बरं बाबा. तुमचं घर, तुमचा नियम."

बाळाला न्हाऊ घालण्यासाठी बनुबाईंनी, म्हणजे नाथाजींच्या बायकोनं, मसुराचं पीठ दळून ठेवलं होतं. ते बाजूला पडलं आणि पोरीलाही त्याच हिरव्या साबणाची आंघोळ सुरू झाली. लंगोट, दुपटी, झबली, सगळं त्यातच. बनुबाईंची एकच तक्रार होती. "पोरीला बाळाचा वासच येत न्हाई. दवाखान्यात बसल्यावानी वाटतंय."

आधी पोरीच्या मानेच्या वळीत लाली आली. मग कोपराच्या आत, गुडघ्यामागं. कातडी कोरडी पडून बारीक भेगा दिसायला लागल्या. पोर झोपेत दचकायची आणि उठली की रडायची. नाथाजींनी विचार केला, कुठून तरी जंतू येतायत. त्यांनी आंघोळीच्या पाण्यात साबण आणखी वाढवला.

त्यानंतरच्या एका सकाळी तानुबाई स्टुलाशी हात धुवायला वाकल्या, तेव्हा साबण लागताच त्यांनी ओठ दाबले. नाथाजींच्या ते नजरेतून सुटलं नाही.

"आक्का, हात दाखवा."

त्यांनी दाखवले. दोन्ही हात, कुणीही दाखवावेत तसे. बोटांच्या बेचक्यांत कातडी सोलली होती. सांध्यांवर रक्ताळलेल्या चिरा होत्या. नाथाजींनी बराकीत पसरलेली खरूज पाहिली होती. एका जवानाची साऱ्या बराकीला लागलेली. त्यांना दुसरं काही सुचलंच नाही.

"ही खरूज हाय."

"खरूज?" तानुबाईंनी हात उलटे केले, सुलटे केले. दुसऱ्याच कुणाचे हात पाहावेत तशा त्या पाहत होत्या. "मला कवा झाली?"

"ते मी इचारायचं का तुमी सांगायचं? कवापासनं हाय?"

"हितं यायला लागल्यापास्नंच. त्याच्या आदी न्हवतं बगा काय."

"म्हंजे माझ्या नातीला देऊन झाल्यावर आमाला कळलं."

"आप्पा!" आतून क्रांती म्हणाली. "असं काय बोलताय?"

"तू गप. पोरीची मान बघ आदी."

तानुबाईंनी ओले हात पदराला पुसले नाहीत. तसेच पुढे धरून उभ्या राहिल्या. नाथाजी आत गेले, खोक्यातून एक नवी बाटली काढली आणि त्यांच्यापुढे धरली. "ही घरी न्या. दिसातनं जमंल तेवढ्यांदा धुवा. बरं झाल्याबिगर कुणाच्या लेकराला हात लावू नगा." आपण बाईला रिकाम्या हातानं घालवलं नाही, असं त्यांना तेव्हा वाटलं होतं. पुढं ही गोष्ट आठवली की ते बसल्या जागी अंग आवळून घ्यायचे.

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. संध्याकाळी ते दूध घालायला डेअरीवर गेले. संध्याकाळची रांग मोठी असते. रानातून परतलेली माणसं, बायका, ओळीनं मांडलेल्या किटल्या. डेअरीचा सचिव दादासो मशीनवर दुधाचं फॅट लावत होता. कुणीतरी नातीची चौकशी केली आणि नाथाजींनी सांगून टाकलं. मुद्दाम नव्हे आणि चवीनंही नव्हे. इशारा द्यावा तसं, मोठ्यानं. "तानुबाईच्या हाताला खरूज हाय. ज्यांच्या घरात बाळंतीण आसंल त्यांनी बघून घ्या."

रांगेत सलिमा उभी होती. तिचा बांगड्यांचा धंदा, आणि तिची सून जीनत क्रांतीच्याच सुमाराला बाळंत झालेली. नाथाजींच्या घरून निघाल्या की तानुबाई तिच्याकडे जायच्या. सलिमानं तोंडावर हात ठेवला. मेजर उगाच बोलणारा माणूस नव्हे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. कुणीही एक प्रश्न विचारला नाही.

नातीला आता बनुबाई न्हाऊ घालू लागल्या. साबण तोच होता. आठवडा झाला तरी पोरीची मान बरी होईना. उलट दुपट्याला रक्ताचे ठिपके दिसले. बारसं तोंडावर आलेलं. फलटणची मंडळी येणार, पोर मांडीवर घेणार, तिचं अंग पाहणार. क्रांती रडायला लागली तेव्हा नाथाजींनी जीप काढली आणि सगळे सांगलीला कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले.

डॉक्टरीणबाई वयानं क्रांतीएवढ्याच असतील. त्यांनी पोरीला उघडं करून भिंगातून पाहिलं. नाथाजींनी कुणी विचारायच्या आधीच खरजेची हकिकत सांगितली.

"घरात आणखी कुणाला खाज सुटते? बाळाच्या आईला?"

"न्हाई," क्रांती म्हणाली.

"मग ही खरूज नाही. असती तर आधी तुम्हाला झाली असती. आंघोळ कशानं घालता?"

नाथाजींनी पिशवीतून बाटली काढून टेबलावर ठेवली. प्रवासातही ते ती जवळ बाळगत. ठेवताना त्यांच्या चेहऱ्यावर थोडासा अभिमानही होता. डॉक्टरीणबाईंनी बाटली पाहिलीच नाही. त्या बाटली ठेवणाऱ्या हाताकडे पाहत होत्या.

"काका, हात दाखवा."

नाथाजींनी हात पुढे केले. सांधे फुटलेले होते. बेचक्यांत कातडी पांढरी होऊन सुटत होती. गेली कित्येक वर्षं ते याला थंडी म्हणत, पाणी म्हणत, ऊस तोडताना पाचट लागतं म्हणत.

"तुम्हाला त्या बाईंनी तेल लावलं होतं का?"

"न्हाई."

"मग तुम्हाला कुणाची लागली?"

क्रांतीनं मान खाली घातली. डॉक्टरीणबाईंचा आवाज चढला नाही. चढला असता तर नाथाजींना सोपं गेलं असतं.

"घरात असला साबण लागत नाही, काका. साधा साबण आणि वाहतं पाणी तेवढंच काम करतं. हा साबण घरात जास्त काही वाचवत नाही, पण वारंवार वापरला की अंगावरचं तेल ओढून घेतो. कातडीवर आपल्या बाजूचेही जंतू असतात, तेही मरतात. मोठ्या माणसाची कातडी फुटते, ही तर महिन्याचीसुद्धा नाही." त्यांनी मलम लिहून दिलं. "हे बंद करा. आंघोळीनंतर ओल्या अंगावरच खोबरेल लावा. आणि त्या बाई दिवसातून किती वेळा हात धुवायच्या?"

क्रांतीनं सांगितलं.

"त्यांनाही पाठवा माझ्याकडे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

जीप परतीला लागली. तासगाव मागं पडलं तेव्हा नाथाजींच्या कानात तानुबाईंचा आवाज आला. *हितं यायला लागल्यापास्नंच.* बाईनं रोगाचं मूळ त्यांच्या हातात दिलं होतं आणि त्यांनी त्याचाच पुरावा करून तिच्या तोंडावर मारला होता.

"बनू, तू जाऊन येतीस का आक्काकडं?" घर जवळ आल्यावर त्यांनी विचारलं.

"मी बोलली हुती व्हय?" बनुबाई बाहेर बघत म्हणाल्या.

त्यांनी लगेच जायला हवं होतं. ते गेले नाहीत. पोरीला खोबरेल लागायला लागलं आणि कातडी मऊ पडली. लाली उतरली. पोर गाढ झोपू लागली. घरात सगळे आनंदात होते आणि नातीची मान जसजशी स्वच्छ होत होती तसतशी नाथाजींची मान खाली जात होती. तिच्याकडे पाहिलं की त्यांना दुसरे हात दिसायचे. शेवटी त्यांनी एक वाट काढली. बारशाला न्हाऊ घालणाऱ्या बाईला साडी द्यायची पद्धत असते. चांगली साडी आणावी, सोबत मलम ठेवावं आणि कुणाच्या तरी हाती पाठवून द्यावं.

"कोण नेणार?" क्रांतीनं विचारलं. पोर तिच्या खांद्यावर होती. "आणि नेऊन काय सांगणार, आप्पा? मेजरनं साडी पाठवली? कशाबद्दल?"

मग ते स्वतः निघाले.

तानुबाईंचं घर गावाच्या शेवटाला, कालव्याच्या वाटेवर. त्या दाराबाहेर दगडावर बसून हात धूत होत्या. शेजारी नाथाजींनी दिलेली बाटली उपडी करून ठेवलेली, तळातला शेवटचा साबण तोंडाशी यावा म्हणून. हात पाहवत नव्हते. मनगटांपर्यंत लाल झाले होते आणि दोन बोटांना चिंध्या बांधल्या होत्या.

"आवं दादा! या की." त्या उठल्या, पण पाणी द्यायला आत गेल्या नाहीत. आत वळून सुनेला हाक मारली. "म्या न्हाई हात लावत भांड्याला. माझा तांब्या-ताट येगळं काढलंया. सून भाकरी करून वाढती." मग जरा थांबून, मागायला जड जावं तसं म्हणाल्या, "बरं झालं तुमी आला. तुमची बाटली संपत आली. तुमी सांगिटल्यावानी धुतीया, उठता-बसता धुतीया, पर गुण येईना. आनखी एक मिळंल का?"

नाथाजींनी वाटेत वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही त्यांना आठवेना.

"माझ्या नातीला जवळ घेत न्हाई," तानुबाई सांगत होत्या. "लय रडती, आजी आजी करती. पर न्हाई घेत. तुमच्या लेकराला झालं, आता माझ्या लेकराला कशाला?"

"आक्का, बसा."

त्या बसल्या.

"ती खरूज न्हवती."

"मग?"

"साबण."

त्यांना कळलं नाही. "कुठला साबण?"

"ह्योच. माझा. पोरीलाबी त्यानंच झालं, तुमालाबी." त्यांनी आपले हात पुढे केले. "मलाबी."

तानुबाईंनी त्यांच्या हाताकडे पाहिलं, बाटलीकडे पाहिलं. विहिरीतून बादली वर यावी तसा अर्थ हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर येत गेला.

"म्हंजे पोरीला माझ्यानं न्हाई झालं?"

"न्हाई."

"बरी हाय आता?"

"बरी हाय."

त्यांनी डोळे मिटून घेतले. नाथाजींनी साडीची पिशवी आणि मलम पुढे सरकवलं. "माझं चुकलं, आक्का." हे एवढं म्हणायला ते इतके दिवस घाबरत होते. म्हणून झालं तेव्हा काही हलकं वाटलं नाही.

तानुबाईंनी मलम घेतलं. पिशवी बोटानं परत ढकलली. "बारशाची साडी बारशात घ्यायची आसती. आशी दारात घेतली तर लोक म्हंत्याल, मेजरनं दान केलं." मलम त्यांनी पदराच्या गाठीत बांधलं. "तुमी मला सांगिटलं. म्या कुणाला सांगू? म्या सांगत सुटली तर म्हंत्याल, सोताच्या हाताचं सोताच झाकती. तुमी डेअरीवर बोलला हुता, मेजर."

दादा नव्हे, मेजर. नाथाजींनी ते ऐकलं.

दुसऱ्या दिवशी ते सकाळच्या रांगेत गेले. सकाळची रांग छोटी असते. लोक घाईत असतात, पोरांना शाळा असते. ती वेळ आपण का निवडली, हे नाथाजींना पुरतं ठाऊक होतं आणि ठाऊक नसल्यासारखं करत ते उभे राहिले.

"ऐका जरा. ते तानुबाईचं म्हंजे खरूज न्हाई. सांगलीच्या डॉक्टरनं सांगिटलं. साबणानं होतं तसं कवा कवा. गैरसमज झाला हुता."

लालासाहेब किटलीवर झाकण ठेवत होते. "कँटीनच्या साबणानं? म्हंजे मेजर, दुसरी बाटली आणली असती तर येकाचंबी कातडं गेलं नसतं!"

रांग हसली. दादासो हसला. त्या हसण्यात सुटकेची वाट होती, आणि नाथाजीही थोडं हसले. झालं, असं त्यांना वाटलं. वळले तर मागं तानुबाई उभ्या होत्या. हातांना मलम लावून वर धुतलेलं फडकं गुंडाळलेलं. त्यांनी किटली ओळीत ठेवली नाही. सगळ्यांपासून हातभर दूर, भिंतीकडेला ठेवली. दादासोनं तिकडे पाहिलंही नाही. ती शेवटी घ्यायची, हे ठरूनच गेलेलं दिसत होतं. नाथाजी रोज या रांगेत यायचे. त्यांना ती किटली आज दिसली.

"ऐकलं म्या," तानुबाई हळू म्हणाल्या. "तुमी सांजच्याला बोलला हुता, मेजर."

एवढंच. ना राग, ना टोमणा. दिवसभर नाथाजी रानात गेले नाहीत. दुपारी त्यांनी उरलेलं खोकं ओसरीवरून गोठ्यामागं नेऊन टाकलं. त्या कामाला जोर लागला नाही; अवघड काम अजून पुढंच होतं. संध्याकाळी जेव्हा त्यांनी किटली उचलली, तेव्हा बनुबाई म्हणाल्या, "आज दूध म्या घालू?"

"न्हाई."

रांग नेहमीसारखी लांब होती. त्या दिवशीचीच माणसं. सलिमा मध्येच उभी होती. तानुबाईंची किटली भिंतीकडेला होती आणि त्या तिच्यापाशी, पदराखाली हात घेऊन. नाथाजींनी दादासोला मशीन थांबवायला सांगितलं. मशीनची घरघर थांबली तशी माणसं आपोआप गप्प झाली.

"म्या हितंच उभा ऱ्हाऊन सांगिटलं हुतं, तानुआक्काच्या हाताला खरूज हाय. ते खोटं हुतं."

"आता त्ये जाऊ द्या की मेजर," लालासाहेब हसत म्हणाले. "सकाळी कळलंय समद्यास्नी. साबणाची गंमत—"

"गंमत न्हाई, लालासाहेब. सकाळी म्या गैरसमज झाला म्हणलो. गैरसमज झाला न्हाई, म्या केला. आक्काचं हात म्या फोडलं. दर घटकंला धुवायला लावलं. नातीचं अंग म्या फोडलं. आन् नाव आक्काचं घातलं. डॉक्टरला न दाखवता, कुणाला न इचारता." त्यांनी दोन्ही हात वर करून बोटं फाकली. "हे बघा. माझ्यात आन् तिच्यात येकच हाय. माझ्या हाताकडं कुणी बघितलं न्हाई, कारन म्या दुसऱ्याचं बघत हुतो."

कुणी हसलं नाही. नाथाजींना वाटलं होतं, बोलून झालं की कुणी तरी खांद्यावर हात ठेवील. कुणी ठेवला नाही. माणसं त्यांच्या हातांकडे पाहत होती आणि त्यांना ते खाली घेता येत नव्हते.

"वा मेजर," सलिमा म्हणाली. "तुमच्या शब्दावर म्या तिला दारातनं परत लावली. जीनत म्हणत हुती, आम्मी, एकदा नीट बघा तरी. न्हाई बघितलं म्या. आता कुठल्या तोंडानं बोलवू तिला?"

"माझ्या तोंडानं बोलवा. म्या येतो संगट," नाथाजी म्हणाले.

"तुमी नगा येऊ." सलिमा रांग सोडून भिंतीकडे गेली. तानुबाईंपुढे उभी राहिली आणि बराच वेळ बोलली. काय बोलली ते ऐकू आलं नाही. तानुबाईंनी मान हलवली. हो म्हणाल्या की नाही, तेही कळलं नाही. एकदा त्यांनी पदराखालून हात काढून दाखवला आणि परत आत घेतला.

दादासोनं मशीन चालू केलं. नाथाजी भिंतीकडे गेले, वाकले आणि तानुबाईंची किटली उचलून ओळीत आणली. आपल्या किटलीच्या पुढं ठेवली. पुढच्या बाईनं आपली किटली थोडी पुढं ओढली. अजून ओढली. नाथाजींनी ते पाहिलं. तानुबाईंनीही पाहिलं.

"उद्या परत सांगतो," नाथाजी म्हणाले.

"सांगा," तानुबाई म्हणाल्या. "आन् बारशाला म्या येईन. पर हात बरं झाल्याबिगर पोरीला न्हाई घेणार. खरबरीत हायती, टोचत्याल तिला."

दादासोनं त्यांच्या किटलीचं झाकण उघडलं. नाथाजी मागं उभे राहिले, आपला नंबर येईपर्यंत. हात कुठं ठेवावेत ते त्यांना सुचत नव्हतं.